अमेरिकेहून आलेला टर्नटेबल, पुण्यातले होम थिएटर : जोडणीचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. घरातील ज्येष्ठ गृहस्थ नोकरीनिमित्त बरीच वर्षे न्यू जर्सीत होते आणि निवृत्त होऊन परतताना तिथला त्यांचा टर्नटेबल त्यांनी सामानाबरोबर आणला. यंत्र सत्तरच्या दशकातले, युरोपीय बनावटीचे, रबरी पट्ट्यावर चालणारे. मात्र अमेरिकी बाजारासाठी तयार झालेले असल्यामुळे त्याच्या तळाशी ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झ अशी नोंद होती. पुण्याच्या घरी त्यांच्या वडिलांनी जमवलेल्या लाँग प्ले तबकड्यांचे एक कपाट होते. त्यात मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत, थोडी भावगीते आणि काही सतार-सरोदवादन असा ऐवज होता. दिवाणखान्यात नुकतीच घेतलेली ५.१ पद्धतीची यंत्रणा होती : एक एव्ही रिसीव्हर (टीव्ही, सीडी वगैरेंचा आवाज घेऊन स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर), समोर तीन आणि मागे दोन स्पीकर, शिवाय मंद्र आवाजासाठी एक सबवूफर. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलवरची गाणी हे सारे तिच्यावर उत्तम चालत होते.

टर्नटेबल रिसीव्हरला जोडावा आणि वडिलांच्या तबकड्या ऐकाव्यात, एवढीच अपेक्षा होती. त्यासाठी ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला गेला, टर्नटेबलची लाल आणि पांढरी आरसीए पिन रिसीव्हरच्या मागे ‘सीडी’ असे लिहिलेल्या खोबणीत बसवली गेली आणि तबकडी लावली गेली. आवाज अत्यंत बारीक आला. व्हॉल्यूम जवळजवळ शेवटपर्यंत नेला तर गाण्याबरोबर गुणगुणही वाढली. जे गाणे ऐकू येत होते ते किरटे होते. तबल्याचा डग्गा जणू मैफलीत नव्हताच. चौथी तक्रार घरातल्या आत्यांची होती, आणि ती कोणी तक्रार म्हणून धरलीच नव्हती. आत्या स्वतः पुष्कळ वर्षे गाणे शिकलेल्या. त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “आवाज उतरलेला वाटतोय रे, दादा.” तबकड्या जुन्या आहेत, झिजल्या असतील, असे म्हणून तो विषय संपवण्यात आला होता.

मला पाहायला बोलावले तोवर घरच्या घरी निदान झालेले होते : पन्नास वर्षांचे यंत्र, ते कामातून गेले असणार. त्याऐवजी ब्लूटूथवर चालणारा नवा टर्नटेबल पसंतही करून ठेवलेला होता. ती खरेदी काही दिवस थांबवावी असे मी सुचवले, कारण बारीक आणि किरटा आवाज ही बिघाडाची खूण नव्हती. धडधाकट टर्नटेबल चुकीच्या खोबणीत जोडला तर नेमका असाच वाजतो.

आवाज बारीक आणि किरटा का होता

या टर्नटेबलला मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या हालचालीची वीज करणारा छोटा भाग, होते. सुई खाचेत हलते, सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाचे इवलेसे चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ थरथरते आणि त्यातून वीज निर्माण होते. ही वीज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकीच असते. रिसीव्हरच्या ‘सीडी’, ‘ऑक्स’ वगैरे खोबण्या मात्र त्याच्या कितीतरी पट मोठ्या संकेतासाठी असतात. सीडी प्लेअर पूर्ण पातळीवर सुमारे २ व्होल्ट देतो, म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या ४०० पट. हे अंतर भरून काढण्यासाठी मधे फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी तो संकेत ३५ ते ४० डेसिबलने, म्हणजे ढोबळमानाने ५५ ते १०० पटींनी वाढवतो.

पण नुसता वाढवून भागत नाही. तबकडी कापताना मंद्र भागातला संकेत मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाच इतकी रुंद हेलकावे खाईल की एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावणारच नाही. उलट तार भाग मुद्दाम उचललेला असतो, म्हणजे वाजवताना तो खाली आणला की त्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने या चढउताराचे एक प्रमाण ठरवले, ते पुढे जगभर रूढ झाले आणि आज आरआयएए (RIAA) या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. वाजवताना त्याची उलट क्रिया करावी लागते : १ किलोहर्ट्‌झच्या तुलनेत २० हर्ट्‌झला सुमारे १९ डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्‌झला सुमारे तितकेच खाली. ही उलट क्रिया न करता तबकडी ऐकली तर डग्गा गायब, तंबोऱ्याचा खर्ज गायब आणि ‘स’, ‘श’ तेवढे कानात टोचणारे, असे होणारच. तक्रार क्रमांक एक आणि तीन यांचे मूळ एकच होते.

यावर गृहस्थांनी एक रास्त प्रश्न विचारला. त्यांच्या लहानपणी घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याला असले काही लागत नसे, मग यालाच का? त्या पिढीच्या सुटसुटीत प्लेअरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. ते चुंबकावर चालत नाही. दाब पडला की वीज देणाऱ्या स्फटिकावर चालते. त्याचा संकेत शेकडो मिलिव्होल्टचा असतो आणि त्याच्या अंगच्या गुणामुळे वरचा चढउतारही बऱ्यापैकी आपोआप सावरला जातो. म्हणून तो थेट साध्या ॲम्प्लिफायरला चाले. त्याची किंमत तबकडी मोजत असे : चुंबकी कार्ट्रिजला २ ग्रॅमच्या आसपास भार पुरतो, तर या कार्ट्रिजना चार-पाच ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक लागे. कपाटातल्या ज्या तबकड्या फिएस्टावर वर्षानुवर्षे वाजल्या होत्या, त्यांच्या आतल्या वळणांवर आजही तारसप्तकात फाटलेपण ऐकू येते. ते कोणत्याही जोडणीने जाणार नाही, हे मी आधीच सांगून टाकले.

रिसीव्हरच्या मागे ‘फोनो’ नावाची खोबण नव्हती. पूर्वीच्या ॲम्प्लिफायरला ती हमखास असे. आताच्या एव्ही रिसीव्हरमध्ये ती असेलच असे नाही, विशेषतः सुरुवातीच्या किमतीच्या मॉडेलमध्ये. म्हणून एक साधा, बाहेरून जोडायचा फोनो प्रीॲम्प्लिफायर घेतला. त्याची निवड करताना दोन गोष्टी पाहिल्या : अर्थची वायर बांधायला स्क्रू आहे का, आणि अतिमंद्र कंपने गाळणारी चाळणी आहे का. दुसऱ्या गोष्टीचे कारण पुढे येईल.

ज्यांच्याकडे नवा टर्नटेबल आहे त्यांनी इथे उलट बाजूने सावध राहावे. आजच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फोनो प्रीॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असे बटण असते. बटण ‘लाइन’वर ठेवून वायर रिसीव्हरच्या ‘फोनो’त घातली की तोच संकेत दोनदा वाढवला जातो आणि दोनदा सावरला जातो, आवाज घोगरा, फाटलेला आणि प्रचंड येतो. दोन्हींपैकी एकच फोनो पायरी साखळीत राहील एवढे पाहिले की पुरते.

वायरची लांबी हाही या घरातला एक प्रश्न होता. टर्नटेबल खिडकीजवळच्या लाकडी कपाटावर आणि रिसीव्हर टीव्हीखाली. मधले अंतर पार करायला बाजारातून पाच मीटरची लांब वायर आणलेली होती. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ४७ किलोओहमचा रोध आणि ठरावीक कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) गृहीत धरून बनवलेले असते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेसाठी, उदाहरणार्थ, १०० ते २०० पिकोफॅरड सांगितलेले आहे. साध्या वायरच्या दर मीटरला शंभरच्या आसपास पिकोफॅरड सहज भरतात, म्हणजे पाच मीटरमध्ये मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि वरच्या स्वरांचा समतोल बिघडतो. म्हणून प्रीॲम्प्लिफायर टर्नटेबलच्या शेजारी ठेवला, टर्नटेबलची मूळची आखूड वायर त्यात घातली आणि लांब वायर त्याच्यापुढे, रिसीव्हरपर्यंत नेली. प्रीॲम्प्लिफायरमधून निघालेला सशक्त संकेत त्या लांबीची तमा बाळगत नाही.

गुणगुण

आवाज भरघोस झाला तशी गुणगुणही भरघोस झाली. गुणगुणीबाबत माझा अनुभव असा की लोक तिला एकच दोष समजतात आणि एकच उपाय शोधतात, पण बहुतेक घरांत ती दोन-तीन ठिकाणांहून एकदम येत असते. इथे तिचे तीन उगम निघाले.

पहिला अगदी सरळ होता. टर्नटेबलच्या आरसीए वायरबरोबर एक बारीक हिरवी वायर येते, तिच्या टोकाला चिमट्यासारखी पितळी चकती असते. ‘सीडी’त जोडताना ती कुठे लावायची हे न कळल्याने ती मागे लोंबकळत राहिली होती. ती प्रीॲम्प्लिफायरच्या स्क्रूखाली घट्ट केली आणि मोठी गुणगुण बसली. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, धातूला बोट लावल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर दोष या वायरकडे आहे असे समजावे.

उरलेली गुणगुण बोट लावून बदलत नव्हती. मात्र तबकडी न फिरवता टोनआर्म हाताने हळूहळू आत नेला की ती वाढे आणि बाहेर आणला की घटे. याचा अर्थ कार्ट्रिज जवळपासच्या कोणत्यातरी चुंबकी क्षेत्रात शिरत होते. ते क्षेत्र स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचे होते. तो टर्नटेबलला चिकटूनच, डाव्या हाताला ठेवलेला होता. त्याला मीटरभर दूर, खाली जमिनीवर ठेवताच ही गुणगुण नाहीशी झाली. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजजवळ ट्रान्सफॉर्मर, मोबाइल चार्जर, राउटरचा ॲडॅप्टर यांपैकी काहीही ठेवू नये.

तिसरी होती ती बारीक, किंचित खरखरीची, आणि ती टर्नटेबल बंद असतानाही होती. केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की ती थांबे. केबलची बाहेरची जाळी इमारतीत कुठेतरी अर्थला टेकलेली असते, घरातली यंत्रणा दुसऱ्या ठिकाणी, आणि एचडीएमआयमार्गे दोन्हींचे एक कडे तयार होते. केबल आणि बॉक्स यांच्यामध्ये छोटा आयसोलेटर घातल्यावर ते कडे तुटले. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो : त्याआधी येऊन गेलेल्या एका इलेक्ट्रिशियनने प्लगची अर्थची पिन काढून टाका, गुणगुण जाईल, असा सल्ला दिला होता. जाईलही, पण ती पिन माणसाच्या जिवासाठी असते. गुणगुण घालवायला ती काढू नये.

उतरलेला आवाज

आता गाणे व्यवस्थित ऐकू येत होते आणि घरचे लोक समाधानी होते. प्रकरण इथेच मिटले असते. आत्या मात्र समाधानी नव्हत्या. एका नामवंत गायिकेची तबकडी लावलेली असताना त्यांनी पेटी काढली, षड्‌ज धरून पाहिला आणि म्हणाल्या, “ही बाई आयुष्यभर काळी चारात गायली. इथे पांढरी चारलाही पुरती पोचत नाही. झिजलेली तबकडी सूर कसा उतरवेल?”

प्रश्न बिनतोड होता. झीज आवाज फाडते, खरखर आणते, पण सूर उतरवत नाही. सूर उतरतो तो फक्त वेग कमी झाल्याने. मग वेग तपासायला हवा. यावर गृहस्थांनी टर्नटेबलच्या डब्यात मूळचे आलेले स्ट्रोब कार्ड आणले. वेग आपण पहिल्याच दिवशी तपासला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कार्डावर काळ्या रेघांचे वर्तुळ असते. ते फिरत्या थाळीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहिले आणि रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. स्वयंपाकघरात जुन्या चोकची एक ट्यूबलाइट अजून होती, तिथे टर्नटेबल नेऊन त्यांनी दाखवले. रेघा खरोखर जागच्या जागी उभ्या होत्या, तसूभरही न सरकता.

दोन पुरावे एकमेकांविरुद्ध उभे राहिले तेव्हा मी तिसरा, विजेशी संबंध नसलेला पुरावा घेतला. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला आणि हातातल्या घड्याळावर तीन मिनिटे फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने तीन मिनिटांत १०० फेरे भरायला हवेत. ते ८३ भरले.

हिशेब असा आहे. या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस जातीची, सोळा ध्रुवांची होती. अशा मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही. तो मुख्य विजेच्या वारंवारितेला बांधलेला असतो. अमेरिकेत ६० हर्ट्‌झवर ती मिनिटाला ४५० फेरे घेते, भारतात ५० हर्ट्‌झवर ३७५. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, पण वारंवारितेला तो हात लावत नाही. त्यामुळे थाळी ३३⅓ ऐवजी २७.८ फेऱ्यांनी फिरत होती. गाणे सहाव्या हिश्शाने मंद, सूर तीन स्वरांतरांहून किंचित अधिक खाली, आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटे चालणारी. काळी चारवरून तीन पट्ट्या उतरले की पांढरी चार येते, आणि त्याहून जरासे खाली. आत्यांनी पेटीवर जे धरले होते ते तंतोतंत हेच.

मग स्ट्रोब कार्ड खोटे कसे बोलले? ते खोटे बोललेच नाही, ते अमेरिकी होते. ६० हर्ट्‌झच्या विजेवर दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी त्या कार्डावर २१६ रेघा छापलेल्या असतात. आपल्याकडे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. २१६ रेघा १०० लुकलुकींखाली स्थिर दिसतात त्या मिनिटाला २७.८ फेऱ्यांवर, म्हणजे नेमक्या त्याच चुकीच्या वेगावर. मोटर आणि कार्ड दोन्ही ६० हर्ट्‌झसाठी बनलेली, दोन्ही ५० हर्ट्‌झवर सारख्याच प्रमाणात चुकलेली, त्यामुळे दोघांची साक्ष परस्परांशी जुळत होती. भारतासाठीच्या कार्डावर १८० रेघा लागतात. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत शिकण्यासारखा वाटलेला भाग हाच आहे : न्यू जर्सीत गृहस्थ बहुतेक पाश्चात्त्य संगीत ऐकत आणि इथल्या तबकड्या तिथे कधी नेल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या कानाकडे तुलनेला काही नव्हते, आत्यांकडे पेटी होती आणि पट्टीची आठवण होती.

उपाय तीन होते. एक, ६० हर्ट्‌झ आणि ११७ व्होल्ट तयार करून देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण; ते महाग आणि आणखी एक डबा वाढवणारे. दोन, मोटरच बदलणे. ते या यंत्राच्या बाबतीत अनाठायी. तीन, मोटरच्या दांड्यावरची पुली बदलणे. मोटर सहाव्या हिश्शाने मंद फिरते आहे, तर पुली पाचव्या हिश्शाने मोठी केली की थाळी पुन्हा ठरल्या वेगाने फिरते. युरोपात वीज ५० हर्ट्‌झचीच असल्याने या घराण्याच्या टर्नटेबलना तिथे मोठी पुली बसवूनच विकत असत. तयार पुली परदेशातून मागवता आली असती. आम्ही ती भोसरीतल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेत करून घेतली.

लेथवाल्याला माप देताना एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. सहज विचार केला तर जुन्या पुलीच्या व्यासाला १.२ ने गुणावे असे वाटते. पण पट्ट्यालाही जाडी असते आणि वेग ठरतो तो पट्ट्याच्या मध्यरेषेवर. उदाहरणार्थ, जुन्या पुलीचा व्यास १० मिलिमीटर आणि पट्टा ०.६ मिलिमीटर जाड असेल तर हिशेबाचा व्यास १०.६ धरायचा, त्याचे १.२ पट १२.७२, त्यातून पट्ट्याचे ०.६ वजा केले की नव्या पुलीचा व्यास १२.१२ येतो. नुसते १२ केले असते तर थाळी जवळजवळ एक टक्का मंद राहिली असती, म्हणजे स्वरांतराचा सुमारे सहावा भाग खाली. एवढा फरक सिनेमाच्या गाण्यात कोणी मोजत नाही. तंबोऱ्यासमोर बसणाऱ्याला तो खुपतो. पुलीला दोन पायऱ्या असतात, ३३ आणि ४५ साठी, आणि प्रत्येक पायरीचा माथा किंचित फुगीर ठेवावा लागतो, नाहीतर पट्टा मधोमध न राहता खाली-वर भटकतो. दांड्यात बसणारे भोक केंद्रातून जरा जरी सरकले तरी लांबलेल्या आलापात सूर हेलकावू लागतो. त्या कारागिराने पहिला तुकडा स्वतःच बाद केला आणि दुसरा दिला. त्याच्याकडे बारीक डळमळ मोजणारा डायल गेज होता, आणि मला सांगावे लागले नाही.

नवी पुली आणि नवा पट्टा बसवल्यावर तीन मिनिटांत १०० फेरे भरले. १८० रेघांचे कार्ड त्याच ट्यूबलाइटखाली स्थिर दिसले. एक सूचना इथे करून ठेवतो : ही तपासणी एलईडी दिव्याखाली किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली करू नये, कारण त्यांची लुकलुक ठरल्याप्रमाणे नसते आणि रेघा धूसर दिसतात. आत्यांनी अर्थातच पेटीवर पाहिले.

रिसीव्हरच्या आतले घोळ

यानंतर उरलेले काम बटणे आणि मेनू यांचे होते, पण त्यात एक गोष्ट अशी निघाली की जी बऱ्याच घरांत लक्षात येत नाही. कपाटातल्या साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या तबकड्या मोनो होत्या. त्या लावल्या की सगळे गाणे टीव्हीखालच्या इवल्याशा सेंटर स्पीकरमधून येई आणि उजवा-डावा हे मोठे स्पीकर जवळजवळ मुके राहत. रिसीव्हर ‘सराउंड’ पद्धतीवर ठेवलेला होता. ही पद्धत डाव्या आणि उजव्या बाजूला जे समान आहे ते संवाद समजून मधल्या स्पीकरकडे पाठवते. चित्रपटासाठी ते योग्यच आहे. मोनो तबकडीत मात्र डावे आणि उजवे पूर्णपणे समानच असते, त्यामुळे सारी मैफल सेंटर स्पीकरमध्ये कोंबली जाते. या खोबणीसाठी ‘स्टिरिओ’ पद्धत कायम करून ठेवली आणि तक्रार मिटली.

रिसीव्हर आलेला संकेत आधी डिजिटल करून घेतो, मग ॲनालॉगचा अर्थच काय, असा प्रश्न घरातल्या तरुण मुलाने विचारला. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची पद्धत असते, ती हे टाळते. माझ्या मते मात्र तिचा आग्रह धरण्यात फारसे हशील नाही. तबकडीची खरखर आणि सुईच्या मर्यादा या रूपांतराच्या दोषांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, आणि ‘डायरेक्ट’वर रिसीव्हरने खोलीच्या घुमण्यानुसार केलेली आवाजाची दुरुस्तीही बहुधा बंद पडते. दोन्ही ऐकून पाहिले आणि घरच्यांनी ‘स्टिरिओ’च ठेवली.

सबवूफर आणि बैठक

शेवटचा भाग सबवूफरचा. तबकडी थोडी वाकडी असली की दर फेऱ्याला सुई वर-खाली होते. ३३⅓ च्या वेगाला ही हालचाल सेकंदाला अर्ध्याहून किंचित अधिक वेळा होते. ती कानाला ऐकू येत नाही, पण वूफरचा कागद मात्र ती इमानाने हलवतो. गाणे सुरू होण्याआधीच्या निःशब्द खाचेत सबवूफरची जाळी काढून पाहिले तर त्याचा पडदा पुढे-मागे झोके घेत होता. याच्या भरीला टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्‌झच्या आसपास स्वतःचे कंपन करतात, तेही त्यात मिसळते. प्रीॲम्प्लिफायर घेताना चाळणी पाहिली होती ती यासाठी. ती चालू करताच पडदा शांत झाला आणि डग्ग्याचे घुमणे अधिक स्पष्ट ऐकू आले.

बैठकीबाबत पुण्या-मुंबईच्या घरांना एक सोय आहे. लाकडी तक्तपोशीच्या अमेरिकी घरांत कोणी चालले तरी सुई उडी मारते. आपल्या काँक्रीटच्या स्लॅबवर तो त्रास सहसा होत नाही. गृहस्थांनी न्यू जर्सीत टर्नटेबल भिंतीत फळी ठोकून ठेवला होता, तसेच इथेही करायचे त्यांच्या मनात होते. त्याची गरज नव्हती. गरज होती ती सबवूफर त्या पोकळ लाकडी कपाटापासून दूर नेण्याची. दोन्ही एकमेकांना लागून असताना आवाज वाढवला की सबवूफरची थरथर कपाटातून सुईत, सुईतून पुन्हा सबवूफरमध्ये असा फेरा चालू होई आणि खोलीत हुंकार घुमे. सबवूफर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि हुंकार थांबला. सुई किती वर्षांची हे कोणालाच माहीत नसल्याने तीही नवी घातली आणि छोट्या डिजिटल काट्यावर भार २ ग्रॅम केला.

एक काम आम्ही हाती घेतले नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या आणि त्याही आता वाजवता येतील का, असे विचारले गेले. या टर्नटेबलला ७८ चा वेग नाही. शिवाय त्या खाचेला लाँग प्लेच्या सुईपेक्षा साधारण चौपट रुंद टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय काही देत नाही. वर सांगितलेले चढउताराचे प्रमाणही त्यांना लागू नाही, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे होते. तेव्हा त्या ठोकळ्यासारख्या एकावर एक रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात, आणि लाँग प्ले पुसायला आणलेला स्पिरिटचा बोळा त्यांना चुकूनही लावू नये, एवढे सांगून मी निघालो. त्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.